दवाखान्याचा संगणक बदलताना

रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून साठीतला एक गृहस्थ रुग्णालयात येतो. ईसीजी काढला जातो. हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणाऱ्या विद्युतमार्गात अडथळा असल्याचे त्यात दिसते. डॉक्टर नातेवाइकांना लगेच विचारतात, ‘यांचा जुना ईसीजी आहे का?’ हा अडथळा पाच वर्षांपासून असेल तर विचार एका दिशेने जातो आणि आजच उद्भवला असेल तर दुसऱ्या. रक्तातल्या क्रिएटिनिनचेही तसेच आहे. आज तीन आले, पण वर्षापूर्वीही तीनच होते, तर मूत्रपिंडाचा आजार जुना. मागच्या महिन्यात ते ०.९ असेल, तर मूत्रपिंडावर अचानक आघात झाला आहे आणि घाई करायला हवी. आकडा एकच असला तरी त्याचा अर्थ जुन्या नोंदीवरून ठरतो.

ही जुनी नोंद असते कुठे? ईसीजीचा उष्णतेने छापला जाणारा कागद काही वर्षांत पुसट होतो. फाइल घर बदलताना हरवते. सोलापूरच्या रुग्णालयांत धाराशिव आणि लातूरहून, सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गीहूनही रुग्ण येतात. वर्षभराने आलेल्या माणसाकडे कागद असेलच असे नाही. मग भिस्त उरते ती दवाखान्यातल्या संगणकावर. टेबलाखाली धूळ खात बसलेल्या त्या डब्यातल्या एका डिस्कवर कित्येक माणसांचा वैद्यकीय इतिहास साठलेला असतो.

सध्या अनेक ठिकाणी हे डबे बदलण्याची वेळ आली आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नव्या पद्धतीचे यूईएफआय फर्मवेअर लागते, तसेच प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा असावा लागतो. आठ-दहा वर्षे जुन्या यंत्रांत हे सगळे सहसा नसते. त्यामुळे नवा संगणक घ्यायचा आणि ‘जुनी डिस्क काढून नव्यात लावून द्या’ असे दुकानदाराला सांगायचे, हा सोपा मार्ग वाटतो. काही वेळा तो खरोखरच सोपा ठरतो. पण अनेकदा काळ्या किंवा निळ्या पडद्यावर गाडी अडते आणि बाहेर रुग्ण ताटकळत बसतात.

संगणक जागा कसा होतो

बटण दाबल्यावर संगणकाला काहीच ठाऊक नसते. विंडोज काय, रुग्णांची यादी काय, सगळे डिस्कवर असते आणि डिस्क वाचायची कशी हेही आधी कोणीतरी सांगावे लागते. हे काम मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम करतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. नवजात बाळाला श्वास घ्यायला शिकवावे लागत नाही, ती क्रिया मेंदूच्या देठात उपजत असते. फर्मवेअरचे काम असेच असते. ते आधी स्मृती, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासते आणि मग प्रणाली सुरू करून देणारा पहिला तुकडा शोधते.

जुना बायोस हा तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या खणात शोधतो. तो खण फक्त ५१२ बाइटचा. त्याला एमबीआर म्हणतात. नवे यूईएफआय तिकडे पाहत नाही. त्याला जीपीटी पद्धतीने विभागलेली डिस्क आणि तिच्यावर सुरुवातीच्या फाइलींचा एक वेगळा छोटा कप्पा हवा असतो. जुन्या पद्धतीची डिस्क नव्या संगणकात लावली आणि ‘बूट करण्याजोगे काही सापडले नाही’ असा संदेश आला, तर डिस्क मेली असे समजू नये. बहुतेक वेळा माहिती शाबूत असते. नवे यंत्र तिला चुकीच्या दारावर शोधत असते, इतकेच.

‘सी ड्राइव्हमधले सगळे कॉपी करून नव्या डिस्कवर पेस्ट केले, तरी चालू होत नाही’ ही तक्रारही याच कारणाने येते. फाइली पोहोचतात, पण सुरू करणारा तुकडा आणि विभागांची मांडणी मागेच राहते. यासाठी डिस्कची हुबेहूब प्रत काढावी लागते, तिला क्लोन म्हणतात. विंडोज १० मध्ये २०१७ पासून जुनी मांडणी नव्या मांडणीत बदलणारे ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचे साधनही दिलेले आहे. ते वापरण्याआधी प्रत काढलेली असणे अत्यावश्यक आहे.

जकार्डची कार्डे आणि नवा माग

सोलापूरकरांना यापुढचा भाग समजायला सोपा आहे. इथल्या चादरीवरची नक्षी जकार्ड यंत्रावर विणली जाते. लियाँच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास पुढे आणलेल्या या युक्तीत नक्षी भोकांच्या रूपात पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवलेली असते. भोक असेल तिथे हूक उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचा धागा वर येतो आणि आडवा धागा खालून जातो. एका ओळीला एक कार्ड, अशी कार्डांची माळ. याच कार्डांवरून चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राला सूचना देण्याची कल्पना घेतली. आजच्या संगणकाची एक मुळी मागापर्यंत जाते ती अशी.

आता ही कार्डांची माळ उचलून दुसऱ्या मागावर चढवली तर? हुकांची संख्या आणि त्यांच्यातले अंतर तेच असेल तर चादर तशीच उतरेल. ते वेगळे असेल तर कार्डे धडधाकट असूनही नक्षी बिघडेल, किंवा कार्ड बसणारच नाही. डिस्कवरच्या विंडोजचे असेच होते. ती ज्या यंत्रावर बसवली, त्याची ओळख ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमांच्या रूपात तिने करून घेतलेली असते. पडद्याचा किंवा आवाजाचा ड्रायव्हर जुळला नाही तर काम अडत नाही, तो नंतर घालता येतो. पण खुद्द डिस्क वाचणाऱ्या नियंत्रकाचा ड्रायव्हर जुळला नाही, तर प्रणाली स्वतःच्याच फाइलींपर्यंत पोहोचू शकत नाही. निळा पडदा येतो आणि बूट करण्याची डिस्क हाती लागत नसल्याचा संदेश दिसतो. अशा वेळी फर्मवेअरमध्ये जाऊन डिस्क-नियंत्रकाची पद्धत जुन्या यंत्रात होती तशी करून पाहणे, हा पहिला उपाय असतो. विंडोज १० आणि ११ नव्या यंत्राशी बऱ्यापैकी जुळवून घेतात. विंडोज एक्सपी आणि ७ यांना ते फारसे जमत नाही.

अवयव प्रत्यारोपणाआधी रक्तगट जुळवतात, तशी इथेही तीन गोष्टींची जुळवाजुळव आधी करावी लागते. पहिली म्हणजे कुलूप. डिस्कवर बिटलॉकरचे सांकेतिक कुलूप असेल, तर त्याची किल्ली बहुधा जुन्या मदरबोर्डच्या टीपीएम चिपशी बांधलेली असते. डिस्क नव्या यंत्रात गेली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर माहिती समोर असूनही कायमची बंद होते. म्हणून जुना संगणक चालू असतानाच ही की काढून कागदावर लिहून ठेवावी. दुसरी गोष्ट परवाना. संगणकाबरोबर आलेली विंडोज सहसा त्याच मदरबोर्डपुरती असते. रुग्णालयाचे सॉफ्टवेअरही कधी यूएसबीच्या कळीशी, कधी यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेले असते. तिसरी गोष्ट पत्ता. सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटी यंत्र डायकॉम या पद्धतीने प्रतिमा पाठवते, तेव्हा ती ठरावीक नाव, ठरावीक आयपी पत्ता आणि ठरावीक पोर्ट पाहूनच पाठवते. नव्या संगणकाचा पत्ता बदलला तर सगळे सुरू असूनही प्रतिमा पोहोचत नाहीत.

आजारी डिस्क

डिस्क धडधाकट असताना हलवणे वेगळे आणि ती आजारी पडल्यावर हलवणे वेगळे. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःची तपासणी करताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये बिघाडाची चार प्रमुख लक्षणे आधी दिसलीच नव्हती.

वैद्यकीय भाषेत सांगायचे तर ही चाचणी होकारार्थी आली तर गांभीर्याने घ्यावी, मात्र नकारार्थी आली म्हणून निर्धास्त राहू नये. ईसीजी नॉर्मल असूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, तसेच हे आहे. म्हणून ‘डिस्क चांगली आहे’ हा अहवाल कधीही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, फाइल उघडायला मिनिटे लागू लागली, की वारंवार बंद-चालू करून पाहण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. मोडलेल्या हाडावर चालून पाहण्यासारखेच ते. प्रत्येक प्रयत्नात डिस्क आणखी झिजते. यंत्र बंद करावे, डिस्क काढावी आणि तिच्यावर काहीही न लिहिता आधी तिची प्रत काढावी. ‘डीडीरेस्क्यू’सारखी साधने यासाठीच आहेत. ती सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतात, अवघड जागा टिपून ठेवतात आणि त्यांच्याकडे नंतर वळतात. टकटक थांबत नसेल तर घरगुती प्रयोग न करता माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावे. डिस्क उघड्यावर खोलणे म्हणजे पोट उघडून रस्त्यावर शस्त्रक्रिया करणे.

यंत्राला जोडलेला संगणक वेगळा

नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक आणि रक्त तपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक दिसायला सारखेच असतात, पण दुसरा हा त्या वैद्यकीय उपकरणाचाच भाग असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला आहे. अशा संगणकात यंत्राच्या अचूकतेची मापे साठवलेली असू शकतात, जुने सिरियल पोर्ट असतात, खास कार्डे बसवलेली असतात. तो बदलायचा तर उत्पादक कंपनीच्या अभियंत्याकडूनच बदलावा. आणि ‘चालू झाला’ एवढ्यावर समाधान मानू नये. उत्तर माहीत असलेला नियंत्रण नमुना चालवून आकडा बरोबर येतो का ते पाहावे. दहा जुने अहवाल उघडून छापील प्रतींशी ताडून पाहावेत.

यात एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे तारीख. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक बॅटरी असते. ती संपली की वीज जाताच संगणक काही वर्षे मागच्या तारखेवर जातो. एरवी हे किरकोळ वाटेल. पण सोनोग्राफीत शेवटच्या पाळीच्या तारखेवरून गर्भाचे आठवडे मोजले जातात ते त्या दिवसाची तारीख धरून. फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीत अपेक्षित आकडा वयावरून ठरतो, मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा अंदाजही वयावरूनच. विंडोज नव्याने घातली आणि तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहिली, तर ०५/०८ चा अर्थ ५ ऑगस्ट न राहता ८ मे होतो. गर्भाच्या वयात तीन महिन्यांची चूक कोणी तरी पकडेल. पण १०/११ आणि ११/१० यांच्यातला महिनाभराचा फरक सहज नजरेतून सुटतो आणि बाळाची वाढ खुंटली आहे की नाही हा निर्णयच चुकू शकतो.

जुनी प्रणाली, उघडे दार

जुनी डिस्क नव्या यंत्रात छान चालू झाली, तरी तिच्यावरची प्रणाली जुनीच असते. यंत्र नवे झाले म्हणून संरक्षण नवे होत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतल्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत केले. सुरक्षेची दुरुस्ती न घातलेल्या विंडोजमधून तो पसरला होता. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व्हर ठप्प झाले आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम बरेच दिवस हाताने करावे लागले. देशातल्या नामांकित संस्थेवर ही वेळ येते, तर छोट्या दवाखान्याने आपल्याकडे कोण लक्ष देणार असे म्हणून चालणार नाही. व्हायरस पत्ता विचारून येत नाही.

एखादे महागडे यंत्र केवळ जुन्या विंडोजवरच चालत असेल, तर त्या संगणकाचा इंटरनेटशी संबंध तोडावा. रुग्णालयाच्या जाळ्यातही त्याला वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि त्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नये. संसर्गजन्य रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवण्याचाच हा नियम. फक्त जुन्या नोंदी पाहण्यापुरते जुने सॉफ्टवेअर हवे असेल, तर जुनी डिस्क नव्या संगणकात आभासी संगणक म्हणून चालवण्याची सोयही आहे.

‘आभा आहे ना!’

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. १४ अंकी आभा क्रमांक आता अनेकांकडे आहे. त्यावरून एक गैरसमज पसरला आहे, की आभा काढले म्हणजे आपले सगळे अहवाल सरकारकडे साठवले गेले. प्रत्यक्षात ही रचना विकेंद्रित आहे. आभा क्रमांक नोंदीचा माग दाखवतो, पण मूळ नोंद ती तयार करणाऱ्या रुग्णालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या व्यवस्थेतच राहते. तिथली डिस्क गेली आणि प्रत नसेल, तर आभाला दाखवायला काही उरत नाही.

कायदाही हेच सांगतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ‘संगणक बिघडला’ म्हटल्याने ही जबाबदारी संपत नाही.

जुन्या डिस्कचे काय करायचे

नवा संगणक सुरू झाला की जुना डबा भंगारात जातो किंवा कोणाच्या तरी मुलाला अभ्यासासाठी दिला जातो. डिस्क आतच असते. फाइल डिलीट केल्याने फक्त तिची अनुक्रमणिकेतली ओळ जाते, मजकूर तसाच राहतो. झटपट फॉरमॅट केल्यानेही फार फरक पडत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते, तसेच वैद्यकीय पत्रव्यवहारही होता. एखाद्याचा एचआयव्ही अहवाल किंवा एखादीच्या गर्भपाताची नोंद भंगाराच्या दुकानात पोहोचणे, याची भरपाई कशानेही होत नाही.

तरीही घाईने पुसू नये. नवे यंत्र महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क नाव-तारीख लिहून कुलपात ठेवावी. मात्र मूळ डिस्क आणि तिचा क्लोन एकाच संगणकाला जोडून तो चालू करू नये. दोघांवर ओळखीची खूण एकच असल्याने विंडोज गोंधळते. महिन्यानंतर डिस्क पूर्ण पुसणाऱ्या साधनाने साफ करावी किंवा मोडून टाकावी आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

दवाखान्याने काय करावे

संगणक बदलण्याच्या आधीच्या आठवड्यात थोडी तयारी केली तर बदलाच्या दिवशी धावपळ होत नाही. जुन्या यंत्रावर फर्मवेअर कोणत्या पद्धतीचे आहे, आयपी पत्ता काय, सॉफ्टवेअरचे परवाने कोणते, बिटलॉकरची की कोणती, हे सारे एका पानावर लिहावे. पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढले तरी चालतील. मग दोन प्रती काढाव्यात, एक संपूर्ण डिस्कची आणि दुसरी फक्त रुग्णनोंदींची. दुसरी प्रत वेगळ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. बदल शनिवारी दुपारनंतर करावा, सोमवारी सकाळी ओपीडीच्या तोंडावर नको. त्या दिवशी कागदी नोंदवही आणि पेन टेबलावर तयार ठेवावे.

एरवीसाठी ‘तीन, दोन, एक’ हा नियम लक्षात ठेवावा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक इमारतीबाहेर. एक प्रत तरी एरवी संगणकापासून सुटी ठेवावी, म्हणजे खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. एसएसडी वेगवान असते, पण विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात ठेवायला ती भरवशाची नाही.

रुग्णांनीही सगळा भार दवाखान्यावर टाकू नये. ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, कर्करोगाचा बायोप्सी अहवाल, औषधाची ॲलर्जी आणि शेवटचे क्रिएटिनिन या पाच कागदांचे स्वच्छ फोटो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये असावेत. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर हे आजच करावे. त्याला दहा मिनिटे लागतात.